कळशी नेमकी कधी जड होते? मूकाभिनय शिकू पाहणाऱ्यांसाठी

कॉलेजात असताना एनएसएसच्या शिबिराला आम्ही एका गावात होतो. शेवटच्या रात्री शाळेच्या ओट्यावर मी मूकाभिनयाचा छोटा तुकडा केला. विहिरीवर पाणी भरणारी बाई. दोर सोडला, कळशी बुडवली आणि ती बुडाल्याबरोबर दातओठ खाऊन ओढायला लागले. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्यांच्या घरी आमचं जेवण होतं त्या आजी मला विहिरीवर घेऊन गेल्या. म्हणाल्या, "पोरी, तुझी कळशी पाण्यातच जड झाली की गं. पाण्यात असेस्तोवर ती हलकीच असते. पाण्याबाहेर निघाली, की मग कळते." आणि दोर माझ्या हातात दिला.

खरंच तसं होतं. भरलेली कळशी पाण्याखाली होती तोवर दोर सहज वर येत होता. कळशीचा गळा पाण्याबाहेर आला आणि खांद्यापासून कमरेपर्यंत एकदम ओढ बसली. एक पाय आपोआप मागे गेला, दुसरा काठाला टेकला. आदल्या रात्री माझ्या हातांनी खूप काही केलं होतं, पण त्या पायांना काहीच माहीत नव्हतं.

गेली काही वर्षं मी कॉलेजच्या मुलामुलींची मूकाभिनयाची तालीम घेते आणि दर वर्षी पहिल्या दिवशी हीच कळशी उचलायला लावते. ज्यांनी याआधी कधीच मूकाभिनय केला नाही, ज्यांना एकट्यानं किंवा मित्रमैत्रिणींबरोबर पाच मिनिटांची एक गोष्ट शब्दांविना सांगायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. रोज तासभर काढला तर सहा आठवड्यांत एक तुकडा उभा राहतो. घाई करू नका. पहिले तीन आठवडे गोष्टीचं नावही काढायचं नाही.

थोडं मागचं

मूकाभिनय म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारा पांढऱ्या चेहऱ्याचा माणूस फ्रान्समधला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या एका नाट्यगृहात झां-गास्पार दब्युरो हा नट पिएरो नावाचं पात्र रंगवायचा. सैल पांढरे कपडे, पांढरा चेहरा आणि तोंडातून शब्द नाही. पुढे विसाव्या शतकात एतिएन दक्रू यांनी चेहऱ्यावरचा भर काढून तो धडावर आणला आणि शरीराच्या हालचालींचं अक्षरशः व्याकरण लिहावं तशी शिकवण उभी केली. त्यांचे विद्यार्थी मार्सेल मार्सो. त्यांनी १९४७ मध्ये ‘बिप’ हे पात्र जन्माला घातलं आणि ही कला जगभर नेली. त्यांचा जन्मदिवस २२ मार्च, म्हणून त्या दिवशी जागतिक मूकाभिनय दिन असतो. आपल्या देशात या कलेचं मोठं घर म्हणजे कोलकाता. तिथे योगेश दत्त आणि निरंजन गोस्वामी यांनी पिढ्या घडवल्या. गोस्वामींना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली.

शब्दावाचून सांगणं आपल्याला मात्र फ्रान्सकडून शिकावं लागलेलं नाही. नाट्यशास्त्र या आपल्या प्राचीन ग्रंथात अभिनयाचे चार प्रकार आहेत: आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे बोलण्याचा, आहार्य म्हणजे वेश-रंगभूषेचा आणि सात्त्विक म्हणजे आतल्या भावाचा. त्यातला वाचिक बाजूला ठेवला तरी तीन उरतात. बैठकीच्या लावणीत बाई जागेवरून उठत नाही. गाण्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक वेळी तिची अदा वेगळं काही सांगून जाते. त्यातली मान, भुवया आणि मनगट पाहायला शिका. संधी मिळाली तर चांगली बैठक समोर बसून बघा. पुस्तकं वाचून ते मिळत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. मूकाभिनय म्हणजे सिनेमाचं नाव खुणांनी ओळखायला लावण्याचा खेळ नव्हे. त्या खेळात समोरच्याला शब्द सापडायला हवा. इथे समोरच्याला काहीतरी घडताना दिसायला हवं. आणि मूकाभिनय म्हणजे सांकेतिक भाषाही नव्हे. कर्णबधिर माणसांची सांकेतिक भाषा ही स्वतःचं व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. प्रयोगात बोटांच्या मनमानी खुणा करून तिची नक्कल करू नका, कृपा करून.

पहिलं काम: नुसतं उभं राहणं

अनवाणी उभे राहा. पाय खांद्यांच्या रुंदीइतके, गुडघे ताठ नाहीत, हात बाजूला मोकळे, नजर समोर. एवढंच. दोन मिनिटं.

हे सगळ्यात कठीण जातं. कुणी चप्पल शोधल्यासारखे पाय हलवतो, कुणाची बोटं शिवणीशी चाळा करतात, कुणी छाती काढून एनसीसीतल्यासारखा उभा राहतो, कुणाचा एक खांदा वर असतो कारण त्या खांद्यावर रोज सॅक असते. या सवयी तुमच्या आहेत, पात्राच्या नाहीत. प्रेक्षकाला मात्र त्या पात्राच्याच वाटणार. शब्द असतील तर प्रेक्षक एखादी चुकार हालचाल सोडून देतो. शब्द नसताना तो काहीच सोडत नाही. बोट हललं तरी त्याचा अर्थ लावतो. म्हणून अर्थ नसलेली हालचाल आधी ओळखायची आणि बंद करायची.

मोबाइल टेबलावर ठेवून स्वतःचं उभं राहणं रेकॉर्ड करा. पहिल्या दिवशीची क्लिप पुसू नका, तिसऱ्या आठवड्यात उपयोगी पडते.

याच्या आधी अंग मोकळं करणं आलंच. मान, खांदे, मनगटं, कंबर, गुडघे, घोटे, वरून खाली दहा-पंधरा मिनिटं. मूकाभिनयात अर्ध्या वाकलेल्या गुडघ्यांवर बराच वेळ काढावा लागतो. अंग थंड असताना तसं केलं की गुडघा आणि कंबर दुखावते. जुनं दुखणं असेल तर खोल बैठका टाळा. त्यावाचून काही अडत नाही.

दुसरं काम: एका वेळी एकच अवयव

नाट्यशास्त्रानं शरीराची वाटणी केली आहे: डोकं, हात, छाती, कुशी, कंबर, पाय ही सहा अंगं, डोळे, भुवया, नाक, ओठ, गाल, हनुवटी ही सहा उपांगं. दक्रू यांची पद्धतही शरीराचे असेच तुकडे पाडून सुरू होते. दोन्हींचा काळ आणि देश किती वेगळा! पण शरीर तेच, म्हणून शहाणपणही जुळतं.

आरशासमोर उभे राहा. फक्त डोकं उजवीकडे कलवा, मान तशीच. मग डोकं आणि मान. मग त्यांच्याबरोबर छाती. मग कंबरेपर्यंत. प्रत्येक पायरीवर थांबा आणि उलट क्रमानं परत या. छाती कलताना कंबर तिच्यामागे धावते, तिला अडवायचं. सुरुवातीला छाती वेगळी हलतच नाही. आठवडाभरात बरगड्या सुटल्यासारख्या वाटतात आणि मग जमायला लागतं. हा व्यायाम कंटाळवाणा आहे हे मान्य, पण रोज करा. पुढे ‘दुःख’ दाखवायला चेहरा वाकडा करावा लागणार नाही, छाती दोन बोटं आत गेली तरी पुरेल.

तिसरं काम: भिंत

मूकाभिनयाची मुळाक्षरं इथून सुरू होतात. हवेत एक बिंदू ठरवायचा आणि तो हलू द्यायचा नाही.

आधी खऱ्या भिंतीला हात लावा. नीट बघा काय होतं ते. हवेतला हात थोडा गोलसर असतो, बोटं सैल. भिंतीला टेकताच तळवा सपाट होतो, बोटं पसरतात, मनगट काटकोनात येतं. हात काढला की बोटं पुन्हा सैल. या सैल आणि सपाट यांमधल्या फरकातून भिंत तयार होते. नवखी मुलं हात सतत ताणून ठेवतात, त्यामुळे भिंत कधी सुरू होते आणि कधी संपते तेच कळत नाही.

आता वीतभर मागे या आणि तेच हवेत करा. टेकण्याच्या क्षणी अगदी बारीक ठोका द्यायचा, जणू हात थांबला नाही, कुणीतरी थांबवला.

पुढचा भाग अवघड. हात भिंतीवर ठेवून शरीर उजवीकडे सरकवायचं आणि हात होता तिथेच ठेवायचा. हात शरीराबरोबर सरकला, की भिंत गेली. यासाठी माझा उपाय साधा आहे. आरशावर छातीच्या उंचीवर एक टिकली चिकटवा. तळहात टिकलीसमोर धरा आणि मग गुडघ्यात वाका, डावीकडे जा, उजवीकडे जा, मागे झुका. टिकली तळहाताच्या आड राहिली पाहिजे. एका हाताला जमलं की दोन टिकल्या. पाच-सहा दिवसांत कोपर आणि खांदा हे काम आपणहून करायला लागतात.

भिंत जमली, की टेबल, खिडकी, दाराची कडी, एसटीतला वरचा दांडा हे सगळं त्याच तत्त्वावर होतं. दार मात्र एकदा नीट करून घ्या. कडीची उंची, दार आत उघडतं की बाहेर, उघडताना आपण बाजूला कुठे होतो. पहिल्यांदा कंबरेशी असलेली कडी दुसऱ्यांदा छातीशी गेली तर मागच्या रांगेतला शाळकरी मुलगाही ओळखतो.

चौथं काम: वजन

आता पुन्हा विहिरीवर या. माझं सगळं शिकवणं या एका प्रसंगात आहे, त्यामुळे इथे सावकाश चालू.

रहाट नाही, कठड्यावरून हातानं ओढायचं आहे असं धरा. कळशी खाली सोडताना दोर हातातून सरकत जातो. मूठ बंद नसते, दोराच्या जाडीइतकी उघडी असते. ही जाडी प्रयोगभर तीच राहिली पाहिजे. रिकाम्या कळशीचं वजन थोडंच, पण ते आहे, म्हणून दोर खाली ताणलेला. मग कळशी पाण्याला टेकते आणि दोर सैल पडतो. हा सैलपणा मनगटात दिसायला हवा, आणि त्याच क्षणी नजर खाली. कळशी तरंगतेय. दोराला एक हिसका, ती कलंडते. दुसरा हिसका, पाणी आत शिरतं. दोर हळूहळू पुन्हा ताणायला लागतो.

आता ओढा. पहिले दोन-तीन हात हलके. मग कळशी पाण्याबाहेर निघते.

तिथे सगळं शरीर बदलतं. वर ओढायचं म्हणून शरीर आधी खाली जातं: गुडघे वाकतात, बैठक मागे जाते, पाठ कळशीच्या विरुद्ध दिशेला तोल धरते. ओढ पायातून निघते, कमरेतून पाठीत येते आणि हातात सगळ्यात शेवटी पोहोचते. नवखे नेमकं उलट करतात. दंडाचे स्नायू फुगवतात, चेहरा लाल करतात, आणि पाय मात्र बसस्टॉपवर उभे असल्यासारखे. तुम्ही कधी जड बादली उचललीत तर पाहा, चेहऱ्यावर फार काही येत नाही. जड कामाची सवय असलेल्या बाईच्या चेहऱ्यावर तर काहीच येत नाही. तिचं वजन तिच्या टाचेत दिसतं.

हातांचं एक तंत्र आहे. ओढताना दोन्ही मुठी एकत्र वर येतात, कारण त्या एकाच दोरावर आहेत. मग खालचा दोर धरायला एक हात सुटतो. त्या वेळी दुसरी मूठ हवेत जिथे आहे तिथेच थांबली पाहिजे, आख्खी कळशी तिच्यावर लटकतेय. आरशावरची टिकली आठवा, तेच इथे. दोन्ही हात एकाच वेळी सुटले, तर कळशी विहिरीत गेली.

कळशी काठाशी आली की एक हात दोरावर ठेवून दुसऱ्यानं तिचा गळा धरायचा. आत घ्यायची. थोडं पाणी हिंदकळून पायावर सांडतं, पाऊल किंचित आखडतं. मग कमरेवर. उजव्या कमरेवर कळशी असेल तर धड डावीकडे कलतं आणि डावा हात तोलासाठी बाहेर येतो. डोक्यावर घ्यायची असेल तर आधी चुंबळ. चुंबळ वळून डोक्यावर बसवायची, आणि कळशी चढल्यावर मान लांब, खांदे खाली, नजर सरळ. वाटेत पायाखाली दगड असला तरी मान वाकत नाही, पाऊलच अंदाज घेतं.

हे खऱ्या वस्तूनं आधी करायचं. घरची पाच लिटरची कळशी किंवा बादली भरून उचला, दहा वेळा. मग अर्धी करून दहा वेळा. मग रिकामी. आणि नंतर लगेच हवेत. शरीर काही मिनिटं ते वजन लक्षात ठेवतं, तेवढ्या वेळात ते टिपून घ्या. मी मुलांना कोणतीही काल्पनिक वस्तू ती खरी हाताळल्याशिवाय करू देत नाही. शहरातल्या मुलीनं नांगर धरायचा असेल तर तिनं एकदा शेतात जाऊन यावं. ते शक्य नसेल, तर नांगर नको, तिला माहीत असलेलं काहीतरी करावं. लोकलच्या दाराशी धरलेला दांडाही तितकाच खरा असतो.

चालणं याच प्रकरणात येतं. जागच्या जागी चालण्याची युक्ती वजनाच्या अदलाबदलीत आहे. मागे सरकणारा पाय सपाट असतो आणि प्रेक्षकाला वाटतं वजन त्याच्यावर आहे. खरं वजन पुढच्या पायाच्या चवड्यावर असतं. मागचा पाय पुढे येऊन चवडा टेकतो, तेव्हा पुढच्याची टाच खाली बसते आणि आता तो सरकायला मोकळा होतो. प्रेक्षकांना आडवे उभे राहून करा आणि मोजे घाला, पाय सरकायला सोपं जातं. दोन आठवडे लागतात. पण पहिल्या प्रयोगात हे चालणं नसलं तरी चालेल. रंगमंचावरून साधं चालत गेलात म्हणून कुणी नावं ठेवत नाही.

पाचवं काम: डोळे

नंदिकेश्वराच्या अभिनयदर्पण या जुन्या संस्कृत ग्रंथात एक श्लोक आहे, नृत्य शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला तो पाठ असतो: यतो हस्तस्ततो दृष्टिर्यतो दृष्टिस्ततो मनः। यतो मनस्ततो भावो यतो भावस्ततो रसः॥ जिथे हात तिथे नजर, जिथे नजर तिथे मन, जिथे मन तिथे भाव, जिथे भाव तिथे रस.

मूकाभिनयाच्या नवख्या विद्यार्थ्याला मी यात एक बदल सुचवते: नजर हाताच्या आधी जाऊ दे. टेबलावरचा पेला उचलायचा असेल, तर आधी पेला दिसतो, मग तो हवासा वाटतो, मग हात निघतो. मध्ये क्षणभराची फट ठेवा. या फटीत प्रेक्षक पेला बघतो. तुम्ही थेट हात घातलात तर त्याला हाताचा आकार दिसेल, पेला दिसणार नाही.

नजरेला अंतरही दाखवता यायला हवं. हातातल्या सुईकडे बघणं, दारातल्या माणसाकडे बघणं आणि डोंगरापलीकडच्या ढगाकडे बघणं यात बुबुळं, पापण्या, हनुवटी सगळं वेगळं होतं. आकाशातून विमान जात असेल तर नजर थांबत-थांबत नाही, एकसारखी सरकते. खरं काहीतरी बघून सराव करा. गच्चीत उभं राहून घारीच्या मागे नजर न्या.

आता गोष्ट

चौथ्या आठवड्यात गोष्ट घ्या. इथे बहुतेक संघ घसरतात, आणि ते मला मनापासून वाईट वाटतं, कारण मुलांनी मेहनत भरपूर घेतलेली असते. विषय निवडताना सगळं जगच पाच मिनिटांत कोंबतात. मोबाइलचं व्यसन, झाडतोड, शेतकऱ्याची आत्महत्या, शेवटी सगळे हात पसरून स्तब्ध. या विषयांचं दुःख खोटं नाही, पण ते ‘विषय’ म्हणून आले की कुणाचंच राहत नाही. एक माणूस घ्या. त्याला एक गोष्ट हवी आहे. ती मिळण्यात एक अडचण आहे.

गोष्ट एका कागदावर लिहा आणि त्यातली क्रियापदं तपासा. ‘तिला आठवतं’, ‘तो विचार करतो’, ‘ती त्याला सांगते की’ अशी वाक्यं खोडा. ‘शेजारीण’, ‘काल’, ‘कर्ज’ यांसारखे शब्दांवाचून दिसू न शकणारे तपशीलही खोडा. उरेल ते करून दाखवता येईल.

एक नमुना देते. उन्हाळ्यात आटलेल्या विहिरीत मुली खाली उतरतात आणि तळाशी झिरपलेलं पाणी वाटीनं कळशीत भरतात, हे आपल्याकडे अनेक गावांनी पाहिलं आहे. तेच घेऊ. मुलगी चपला काठावर काढते, उतरते. एक एक पायरी, हात दगडावर. तळाशी वाकते. वाटी बुडत नाही इतकं पाणी उथळ आहे, म्हणून वाटी आडवी धरून सरकवावी लागते. भरते, ओतते. पुन्हा. दर वेळी पाणी यायला थोडं थांबावं लागतं. कळशी भरते. ती घेऊन वर चढणं, एका हातानं. वर आल्यावर कळशी जमिनीवर ठेवून ती चपला घालते आणि चुंबळ वळायला घेते. तेवढ्यात मागे काहीतरी हललं. वळून बघते, तर एक वासरू कळशीत तोंड घालून पितंय. ती हात उगारते. हात तसाच राहतो. मग तो हळू खाली येतो आणि वासराच्या मानेवर टेकतो. पिऊन झाल्यावर ते निघून जातं. ती कळशी उचलते.

इथे गोष्ट संपते किंवा खरी सुरू होते, आणि सगळा भार तुमच्या शरीरावर आहे. कारण कळशी आता हलकी आहे. किती पाणी उरलं ते तोंडानं सांगता येत नाही, चेहऱ्यानंही नाही. मघाशी भरलेली उचलताना गुडघे किती वाकले होते आणि आता किती वाकतात, एवढाच पुरावा प्रेक्षकाकडे आहे. ती डोक्याकडे नेता नेता थांबते. खाली ठेवते. चपला पुन्हा काढते.

लिहिताना ‘मग ती दुःखी होते’ असं मी कुठेच लिहिलेलं नाही, ते बघा.

गोष्टीतली जी कृती महत्त्वाची, तिला वेळ द्या. बाकीचं पटकन उरका. वाटी तीन वेळाच भरा. पहिली पूर्ण, दुसरी जलद, तिसरी नुसती ओतण्याचा इशारा. पण उगारलेला हात थांबतो तिथे पूर्ण दोन श्वास मोजा. प्रयोगात धडधड वाढलेली असते, दोन सेकंदही तासासारखे वाटतात आणि कलाकार पळ काढतो. म्हणून आकडे मोजू नका, श्वासच मोजा.

सहा जण असतील तर

विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत मूकाभिनयाला साधारणपणे सहा कलाकार आणि पाच मिनिटं मिळतात. नियमपत्रक मात्र दर वर्षी स्वतः वाचा, वेळ ओलांडली की गुण जातात. सहा शरीरं म्हणजे मोठी श्रीमंती. विहिरीचा घेर, पायऱ्या, वासरू, वारा हे सगळं माणसांतून उभं करता येतं. १९७२ साली रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये ब्राह्मणांची रांगच पडदा होते, भिंत होते आणि क्षणात माणसं होते. मराठी रंगभूमीनं हे केव्हाच करून दाखवलं आहे.

तालमीत जमिनीवर खडूनं विहीर आखा. जिथे पहिल्याला काठ आहे, तिथेच सहाव्यालाही असला पाहिजे. आखणी आठ दिवस ठेवा, मग पुसा आणि बघा कोण विहिरीवरून चालत जातो. काल्पनिक कळशी एकमेकांच्या हातात देण्याचा सरावही रोज करा: देणाऱ्याचा खांदा हलका होईपर्यंत घेणाऱ्याचे गुडघे वाकायला हवेत, मध्ये कळशी हवेत राहता कामा नये. एकत्र थांबायचं असेल तर डोळ्यांनी इशारे न करता एकाचा श्वास सगळ्यांनी ऐकायचा.

रंग, कपडे, संगीत

पांढरा चेहरा परंपरेनं आला. लांबच्या प्रेक्षकाला भुवया आणि ओठ दिसावेत हा त्याचा फायदा. सक्ती नाही. वरच्या मुलीच्या गोष्टीला मी तो लावणार नाही, तिचा सावळा, घामेजलेला चेहराच हवा. लावणार असाल तर रंगभूषेचंच साहित्य घ्या, आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून त्वचेला चालतं का ते बघा, आधी क्रीम किंवा थोडं खोबरेल चोळा, आणि जबड्याच्या रेषेपर्यंतच रंग न्या. वरून पावडर मारली नाही तर दिव्यांखाली रंग ओघळतो.

काळ्या पडद्यापुढे काळे कपडे घातले तर धड दिसेनासं होतं आणि फक्त चेहरा व हात उरतात. काही गोष्टींना ते हवं असतं. आपल्या कळशीला नको, कारण तिचं सगळं पाठीत आणि गुडघ्यांत आहे. तिथे फिकट रंगाचे, अंगासरशी बसणारे कपडे घाला.

संगीत शेवटच्या आठवड्यात. आधी गाणं निवडून त्यावर हालचाली बसवल्या, की मुलं तालावर पाणी ओढायला लागतात आणि वजन जातं. ट्रॅक बंद पडला तरी तुकडा उभा राहतो ना, हे एकदा तपासून ठेवा. महोत्सवात असं होतं.

पहिला प्रेक्षक

प्रयोगाच्या आठवडाभर आधी, गोष्ट अजिबात माहीत नसलेल्या दोन-तीन जणांना बोलवा. वर्गातले मित्र नकोत. घरकाम करणाऱ्या मावशी, वॉचमनकाका, शेजारचा सातवीतला मुलगा. नाव सांगू नका, प्रस्तावना करू नका. तुकडा झाल्यावर ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. सगळे ‘छान’ म्हणतात आणि तुम्हाला काहीच कळत नाही. ‘काय काय दिसलं?’ असं विचारा आणि ते सांगतील ते लिहून घ्या, मध्ये बोलू नका. त्यांना कुत्रा दिसला आणि तुम्ही वासरू केलं असेल, तर तुमचा हात फार खाली टेकला होता.

शेवटी एकच प्रश्न विचारा: ती दुसऱ्यांदा उचलली तेव्हा कळशीत पाणी किती होतं? तिघांचं उत्तर ‘भरलेलीच होती’ असं आलं, तर खऱ्या कळशीकडे परत जा, भरून दहा वेळा, अर्धी करून दहा वेळा. एकानं जरी हातानं दाखवून ‘एवढंसं’ म्हटलं, तर महोत्सवाचा अर्ज भरा.